बरग्यांमागचं पाणी

आमच्या भागात कयाक आणि गळ घेऊन कुठं जाता येईल, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कोणत्या महिन्यात? बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात नुसती जागा विचारून भागत नाही. इथलं सगळं पाणी कुणी तरी अडवलेलं, सोडलेलं, वाटून दिलेलं असतं. ते कधी येतं, किती दिवस थांबतं आणि कधी जातं, हे कळलं की जागा आपोआप सापडते.

कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरेकाठचं गाव. वर नीरा डावा कालवा, खाली नदी, नदीपलीकडं फलटण तालुका, म्हणजे सातारा जिल्हा. वरच्या अंगाला नीरा गावात माउलींच्या पादुकांना नीरास्नान घालतात, खालच्या अंगाला इंदापूर तालुक्यात सराटीला तुकोबांच्या. या दोन स्नानांच्या मधली नदी ती आमची. कयाकवाल्याला लांब जायचं कारण नाही, असं मी ठामपणे म्हणतो. पण ही नदी वर्षभर एकसारखी नसते, आणि तिथंच नवखा माणूस फसतो.

पावसाळ्यात भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी ही धरणं भरत येतात, त्यांचं पाणी वीर धरणात उतरतं आणि वीरमधून विसर्ग सुटला की आमच्याकडची नदी रातोरात गढूळ होऊन थडीला लागते. त्या पाण्यात कयाक घालायची नाही. ऊस, बाभळी, मोडलेली झाडं, सगळं त्यातून वाहत येतं. पूर्वी पुराच्या दिवसांत गुऱ्हाळाच्या काहिलीतून माणसं पलीकडं जात, असं घरातली म्हातारी माणसं सांगायची. काहील गरागरा फिरायची, तिला ना नाळ ना शेपूट, तरी गरजेपोटी माणसं तिच्यात बसायची. मला तशी काही गरज नाही, त्यामुळं श्रावण-भाद्रपदात माझी वल्ही माळ्यावर असतात.

खरा हंगाम सुरू होतो तो बरगे पडल्यावर. नीरेवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. खांबांच्या रांगेत उभ्या खाचा असतात. पावसाळाभर त्या मोकळ्या ठेवतात आणि पूर ओसरला की साधारण ऑक्टोबरात त्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवतात. बरग्यांच्या दोन ओळी, मध्ये माती ठासलेली, अशी ती जुनी रीत. बरगे बसले की नदी मागं सरायला लागते. चार-आठ दिवसांत कालपर्यंत खडकांमधून खळाळणारं पाणी काठोकाठ थांबतं, गाळ खाली बसतो, आणि बंधाऱ्यामागं लांबच लांब संथ डोह तयार होतो. हे पाणी उसासाठी आणि गावांच्या पाणीपुरवठ्यासाठी अडवलेलं असतं. कयाकवाल्याला ते आयतं मिळतं. ही गोष्ट मी कधी विसरत नाही. मोटारीच्या फूटव्हॉल्व्हजवळ गळ टाकत नाही, कुणाच्या पाइपाला कयाक बांधत नाही.

या डोहात उतरायला वाट शोधणं हे अर्धं काम. दोन्ही काठांना ऊस दाट असतो आणि बांधावरून अठरा-वीस किलोची कयाक डोक्यावर नेणं म्हणजे शेतकऱ्याच्या पिकाशी भांडण. गाडी पाण्यापर्यंत जाईल अशा वाटा गावोगाव दोनच असतात. एक जुन्या वाळूउपशाची, दुसरी स्मशानभूमीकडं जाणारी. स्मशानघाटाला पायऱ्या असतात, उतार असतो, गाडी वळवायला जागा असते. लोक आधी बिचकतात, पण तिथं अंत्यविधी चालू असेल तर परत फिरायचं आणि नसेल तर शांतपणे उतरायचं, एवढा मान राखला की कुणी हरकत घेत नाही. वाळूच्या वाटेचा मात्र एक धोका सांगायलाच हवा. उपसा झालेल्या ठिकाणी गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढं टाकलं की खाली दोन पुरुष खड्डा असतो. अशा खड्ड्यात मोठा मासा बसतो हे खरं, पण तिथं पायानं उतरायचं नाही, कयाकमधूनच जायचं.

आणखी एक नियम मी सोबत येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगतो. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला पाणी कितीही निवांत दिसलं, तरी खांबांपासून लांब राहायचं. बरगा गळत असेल तिथं पाणी आत ओढतं. सांडव्यावरून पाणी पडत असेल तर खालच्या बाजूचा पांढरा भोवरा माणसाला बाहेर येऊ देत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही नाही.

कालव्याबद्दलही लोक विचारतात. १८७६ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी बांधलेला हा नीरा डावा कालवा इंदापूरपर्यंत जातो आणि या भागाचं सगळं बागायत त्याच्या जिवावर उभं आहे. आवर्तन सुटलं की तो तुडुंब वाहतो, दिसायला देखणा, सरळ, झाडांच्या सावलीतला. तरीही त्यात कयाक घालू नये. काठ तिरपे आणि निसरडे असतात, पडलेल्याला धरायला काही मिळत नाही, आणि पुढं कुठल्या मोरीत पाणी जमिनीखाली जाईल याचा नेम नाही. कालव्याच्या काठावर बसून गळ टाकावा, तोही आवर्तन बंद झाल्यावर उरलेल्या डबक्यांत. एवढ्यावर समाधान मानावं.

तलाव हा वेगळा विषय. बारामती तालुक्यात शिर्सुफळचा तलाव इंग्रजांच्या काळातला, इंदापुरात शेटफळचाही तसाच. हिवाळ्यात दोन्हीकडं पक्षी उतरतात. पण तलाव मोकळा दिसला म्हणून तो बेवारस नसतो. मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या संस्थेकडं असतो, संस्थेनं पदरचे पैसे घालून मत्स्यबीज सोडलेलं असतं, आणि कटला-रोहू तळहाताएवढे व्हायच्या आत कुणी गळानं काढले तर नुकसान त्यांचं होतं. म्हणून आधी संस्थेच्या माणसाला भेटायचं. माझा अनुभव असा की विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात, आणि वर कुठल्या कोपऱ्यात पाणी खोल आहे तेही सांगतात. न विचारता उतरलेल्याला मात्र तेच लोक काठीनं हाकलतात, आणि बरोबरच करतात.

मग येते उजनी. बारामतीहून भिगवण पंचवीस-तीस किलोमीटर. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि इंदापूरच्या उत्तरेची कितीतरी गावं, शेतं, रस्ते पाण्याखाली गेले. कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडी, पळसदेव, ही आता काठावरची नावं. हिवाळ्यात कुंभारगावला रोहित पाहायला माणसांची रीघ लागते. मी तिथं कयाक नेतो ती पक्ष्यांपासून लांब, दुसऱ्या अंगाला. रोहितांचा थवा एकदा उठवला की त्यांचं सकाळचं खाणं मोडतं. कयाक आवाज करत नाही म्हणून तिला जवळ जायचा हक्क मिळत नाही.

उजनीची पातळी हा तिथल्या प्रत्येक बोलण्याचा विषय. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात लोक म्हणतात, ‘धरण मायनसमध्ये गेलं.’ मायनसमध्येही पाणी भरपूर असतं, पण ते भीमेच्या जुन्या पात्राकडं सरकतं. काठ मैलभर मागं जातो. उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते, पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं आणि माणसं चालत दर्शनाला जातात. कयाकवाल्यासाठी हा काळ अवघड. पाणी समोर दिसतं, पण मधल्या गाळात माणूस मांडीपर्यंत रुततो. तेव्हा जिथं पूर्वीचा रस्ता किंवा खडकाळ जमीन पाण्यात उतरते, तीच जागा धरायची. भोयांच्या होड्या कुठं लावलेल्या आहेत ते पाहिलं की ती जागा कळते.

पाण्याखाली काय आहे, हेही पातळीवर ठरतं. विहिरींचे काठ, बाभळीची खोडं, पडक्या भिंती, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे शेतीपंपांच्या केबली. काठापासून लांबवर तरंगणाऱ्या पिंपांवर मोटारी असतात आणि त्यांना वीज जाते. तिथून वल्हं मारत जायचंच नाही.

त्याहून मोठी गोष्ट वाऱ्याची. सकाळी आरशासारखं असणारं उजनीचं पाणी फेब्रुवारीनंतर दुपारी उचंबळायला लागतं. पाण्याचा पसारा एवढा मोठा आहे की वाऱ्याला धावायला जागा मिळते आणि लाटा बघता बघता वाढतात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जीव गेले. रोजच्या वहिवाटीचं पाणी होतं ते. तिथल्या एका भोई आबांनी मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं, ‘मासं कुठं हाईत ते मागनं इचारा. आधी वारं बघा. समोरचा काठ धुरकट दिसाया लागला की हातातलं टाकून माघारी यायचं.’ थर्माकोलच्या तराफ्यावर बसून आयुष्यभर जाळी टाकलेला माणूस. मार्चनंतर मी उन्हं तापायच्या आत काठाला लागतो ते त्यांच्या या शब्दांमुळं.

आता माशांबद्दल. बंधाऱ्याच्या डोहात आणि उजनीत गळाला हमखास लागते ती चिलापी. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली. मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळं तिची पैदास कधी फसत नाही आणि गावठी माशांची जागा ती खात जाते. भिगवणच्या हॉटेलांत ती चवीनं खातात, मीही खातो, आणि चिलापी कितीही काढली तरी मला कधी वाईट वाटत नाही. गांडूळ किंवा कणकेची गोळी, बारीक गळ, काठालगतचं उथळ पाणी, बस्स.

कटला, रोहू आणि मृगळ एकाच पाण्यात तीन मजल्यांवर राहतात. कटला वर चरतो, रोहू मध्ये, मृगळ तळाला. गळ किती खोल सोडायचा हे त्यावर ठरतं. शेंगदाण्याची पेंड भिजवून, कणकेत मळून केलेला गोळा मला सगळ्यांत खात्रीचा वाटतो. कयाकवर मोठा मासा लागला की काठावरच्यासारखं ओढाताण करून चालत नाही. कयाक स्वतःच त्याच्याकडं वळते आणि त्याच्यामागं चालू लागते. तिला जाऊ द्यावं. मासा कयाक ओढून दमतो आणि दोरा तुटत नाही. ओढ असलेल्या पाण्यात नांगर टाकलाच, तर तो पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधायचा, कधीही मधल्या अंगाला नाही. मधे बांधला की कयाक आडवी होते आणि पाणी तिला पालथी घालतं.

मरळीसाठी मी कयाक खरेदी केली असं म्हटलं तरी चालेल. काठावरच्या माणसाला तिचं घर दिसतच नाही. ती पाणकणसाच्या आत, पाण्यावर वाकलेल्या वेड्या बाभळीखाली, जलपर्णीच्या कडेला राहते. तिला हवेतला श्वास लागतो, म्हणून थोड्या थोड्या वेळानं ती वर येते, एक घुटका घेते, पाण्यावर छोटं वर्तुळ उमटतं आणि ती पुन्हा खाली जाते. वल्हं आडवं ठेवून, हालचाल न करता थांबलं की ही वर्तुळं मोजता येतात. एकाच जागी दोन-तीनदा दिसली तर तिच्या पुढं हातभर रबरी बेडूक टाकायचा आणि कणसाच्या कडेनं फुदकवत आणायचा.

पण पाण्यावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा घोळका वळवळताना दिसला, तर गळ गुंडाळून पुढं निघायचं. ती मरळीची पिल्लं. आईबाप खाली पहाऱ्याला असतात. त्या वेळी त्यांना गळाला लावणं अगदी सोपं, कारण पिल्लांजवळ आलेल्या कशावरही ते तुटून पडतात. आईबाप गेले की दोन दिवसांत तो सगळा घोळका चिलापी आणि बगळे संपवतात. पावसाच्या सुरुवातीला ओढ्यांना चढणाऱ्या माशांबद्दलही माझं हेच म्हणणं. पोटात अंडी घेऊन चढणीला लागलेला मासा धरण्यात कसब काहीच नाही.

या सगळ्यावर एक सावट आहे ते पाण्याच्या तब्येतीचं. काही वर्षी हिवाळ्यात नीरेचं पाणी काळपट होतं, मळीसारखा वास सुटतो आणि सकाळी काठाला मेलेले मासे लागतात. उजनीची गोष्ट तर पुण्यापासून सुरू होते. पुण्याच्या पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ज्या बोट क्लबवर १९२८ पासून रेगाटा होते, तिथली मुळा-मुठा पुढं भीमेला मिळते आणि शहरानं तिच्यात सोडलेलं सगळं भिगवणच्या भोयाच्या जाळ्यात येतं. जलपर्णी त्या सांडपाण्यावरच माजते. संथ पाण्यात, वल्ह्याच्या अंतरावर बसणाऱ्या माणसाला हे सगळ्यांत आधी दिसतं, नाकाला कळतं. म्हणून मला वाटतं, आमच्या तालुक्यांत कयाकवाले वाढायला हवेत. नदीवर रोज कुणी तरी असलं की तिच्यात काय सोडलं जातंय याची विचारणा होते. रिकाम्या नदीची विचारणा कुणी करत नाही.

तेव्हा यंदा बरगे पडले की या. दिवाळीनंतरचा कुठलाही निवांत दिवस चालेल. वीरमधून पाणी सुटलेलं नाही ना, याची आधी चौकशी करा, घरी कुणाला तरी ठिकाण सांगून निघा, आणि पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट अंगात घालून त्याचे पट्टे आवळा. कयाक नसेल तर माझी आहे.