आई विसरली, तर आठवायचे कोणी?



माझी आई नव्वदी ओलांडलेली, मी बाहत्तरचा. मागच्या आषाढात तिने मला विचारले, "बुवा, आपण कुठले?" पन्नास वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो, पण उत्तर सुचले नाही. त्याआधी कित्येक महिने ती एकच गोष्ट दहादा विचारी, गॅसवरचे दूध विसरे, आणि मी तिच्यावर खेकसे. नामस्मरणाची महती सांगणाऱ्या तोंडाने खेकसलो, हे कबूल केलेले बरे.

मुलाने पनवेलला नेऊन तिच्या मेंदूचा एमआरआय काढला. अहवाल इंग्रजीत. आमचे गागोदे विनोबांचे जन्मगाव. संस्कृत गीता कळेना म्हणून त्यांच्या आईने त्यांनाच ती मराठीत करायला सांगितले होते. आई १९१८ साली गेली. १९३० साली त्यांनी 'गीताई' लिहायला घेतली. मलाही त्या अहवालाची कोणीतरी गीताई करून हवी होती. ती डॉक्टरांनी केली.

ते म्हणाले, "वयाने मेंदू सर्वांचाच थोडा आक्रसतो. आजींचा नवी आठवण साठवणारा भाग जास्त झिजलाय. हे पांढरे ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांतून पुरवठा कमी पडल्याच्या खुणा. पण नुसत्या फोटोवरून आजार ठरत नाही. त्या रोजचे काय करू शकतात, तेही बघावे लागते."

मग त्यांनी रक्त तपासले. माउली, हे नीट ऐका. आपण माळकरी. बी-१२ हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दूधदुभते यांतूनच मिळते. आईने दूधही सोडलेले. बी-१२ फार कमी निघाले. त्यानेही विसर पडतो, थायरॉईडनेही पडतो, आणि त्यांवर औषध आहे. इंजेक्शनांनी आईला तरतरी आली, पायांची बधिरता उतरली. विसर मात्र राहिला. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना 'म्हातारचळ' म्हणून सोडू नका, आधी तपासा.

मला खरी भीती वेगळीच होती. अंतकाळी नाम मुखी असावे, असे मी गावोगाव सांगितले. जिची आठवणच झिजते आहे, तिचे काय? डॉक्टरांकडे याचे उत्तर नव्हते. मला ते कीर्तनातच सापडले. बुवाला चरण आठवला नाही, तर मागचे टाळकरी तो उचलतात. कीर्तन थांबत नाही. आता आई पुढे उभी आहे आणि आम्ही मागे.

जुने पाठांतर उशिरा जाते म्हणतात. संध्याकाळी मी हरिपाठ धरतो, ती बरोबर म्हणते. उद्या तेही जाईल. तेव्हा मी एकटा म्हणेन.

काल पुन्हा तिने विचारले, "बुवा, आपण कुठले?"

"इथलाच, गागोद्याचा."

"मग जेवूनच जा," ती म्हणाली. मी पान घेतले.