चिंधी, चरबी आणि काडतूस

नागपूरहून प्रयाग-काशीला निघालेल्या यात्रेच्या गाड्या जबलपूर मागे टाकतात आणि सुमारे १६ किलोमीटरवर पनागर लागतं. थंडीत इथे जिकडेतिकडे हिरवा वाटाणा. गाडी थांबते, आजीबाई पिशवीभर शेंगा घेतात, चहा होतो आणि मंडळी पुढे निघतात. ज्या वाटेवर हा चहा होतो, ती मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपूरला उतरणाऱ्या कंपनी सरकारच्या दख्खन रस्त्याची. या वाटेने तेव्हा पलटणीही चालत जात. शिपायांच्या खांद्यावर असे ती ठासणीची बंदूक.

कोकणातल्या जुन्या मंडळींनी ही बंदूक पाहिलेली असेल. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी टाकायची आणि गजाने ठासायचं. साध्या नळीत गोळी सैल बसते, म्हणून लांबचा नेम चुकतो. रायफलच्या नळीला आतून पेचदार खाचा असतात. गोळी त्या खाचांत घट्ट बसली तरच तिला फिरकी मिळते. पण घट्ट गोळी आत सरकावी कशी? यावरची तोड म्हणजे वंगण लावलेली कापडाची चिंधी. गोळी तिच्यात गुंडाळून ठासली की कापड खाचांत रुततं. शिवाय काळी दारू जळली की नळीत कडक काजळी धरते, ती वंगणाने मऊ राहते. वंगण विसरलं, तर काही बारांनंतर गज अडलाच म्हणून समजा!

आता वंगण कशाचं? कंपनीच्या काही तुकड्या अशा चिंध्या वर्षानुवर्षं वापरत होत्या. त्यांना मेंढ्याची चरबी आणि मेण लावतात, असं लष्करी अधिकाऱ्यांनीच जानेवारी १८५७ मध्ये तारेने कळवलं होतं. त्यावरून बंड झालं नव्हतं. मग एन्फील्ड रायफल आली आणि चिंधीची जागा कागदी काडतुसाने घेतली. गोळीकडचं टोक चरबीत बुडवलेलं, दारूकडचं दाताने फाडायचं. ही चरबी गाईची आणि डुकराची आहे, अशी बातमी कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीतून पसरली. २७ जानेवारीला हुकूम निघाला की, शिपायांनी हवं ते वंगण बाजारातून आणून स्वतःच लावावं. तेल-मेणाने बंदुकीचं काम भागलंही असतं. पण आता काडतुसाच्या कागदाचीच शंका येऊ लागली. त्याची चकाकी चरबीची वाटू लागली. सवलत दिली म्हणजे आधी काहीतरी होतंच, असं शिपायाच्या मनात आलं तर नवल काय! काडतूस दाताऐवजी हाताने फाडण्याची मुभा पुढे मिळाली, तीही वाया गेली.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच वर्षी उत्तरेच्या प्रवासाला निघाले होते. महूच्या परिसरात त्यांनी शिपायांच्याच तोंडून काडतुसांची हकीकत ऐकली. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला.

जबलपूरच्या छावणीत तेव्हा ५२ वी बंगाल पलटण होती. पावसाळाभर ती कशीबशी शांत राहिली. सप्टेंबरमध्ये गोंड राजा शंकर शाह आणि पुत्र रघुनाथ शाह पकडले गेले. शत्रूचा नाश व्हावा म्हणून देवीला घातलेलं साकडं एका कागदावर लिहिलेलं सापडलं आणि तोच पुरावा ठरला. १८ सप्टेंबर १८५७ रोजी पितापुत्रांना तोफेच्या तोंडी दिलं. त्याच रात्री ५२ वी पलटण छावणी सोडून निघून गेली.

जबलपूरच्या खमरिया भागात १९४२ पासून दारूगोळ्याचा मोठा कारखाना आहे. त्यामुळे हे शहर काडतुसांना नवखं नाही. पितापुत्रांच्या नावाचं संग्रहालय नोव्हेंबर २०२४ मध्ये शहरात उघडलं. यात्रेच्या गाडीला सवड असेल, तर पनागरच्या वाटाण्याआधी ते पाहून घ्यावं.