यंत्र थंड असू द्या

वापरलेलं एस्प्रेसो यंत्र बघायला जाण्याआधी प्रस्तुत लेखक विकणाऱ्याला फोनवर तीन विनंत्या करतो. पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरायचा दांड्याचा गाळणा, घासून ठेवू नका. टाकीतलं पाणी ओतून देऊ नका. आणि मी येईपर्यंत यंत्र चालू करू नका. पहिल्या दोन विनंत्यांना लोक हसतात. तिसरीला मात्र काही जण चक्क दुखावतात. पाहुणा दारात आणि यंत्र गार? पुणेकरांच्या पाहुणचाराबद्दल आधीच इतकं बोललं जातं, त्यात ही भर कशाला?

पण हा हट्ट एका पावसाळ्यात अंगाशी आलेल्या व्यवहारातून आला आहे. लेखकाचं पहिलं यंत्र सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यातून आलं. तो पोचला तेव्हा ते तासभर तापलेलं होतं. मालकांनी सफाईने एक शॉट काढून दिला. वर सोनेरी-तपकिरी फेस, म्हणजे क्रेमा, सोबत बशीत चिवडा. पंपाचा आवाज एकसारखा, कुठे गळती नाही. घासाघीस करायचंही सुचलं नाही. यंत्र रिक्षात मांडीवर बसून घरी आलं आणि ओट्यावर जागा होईपर्यंत आठवडाभर गॅलरीत पडून राहिलं. मग एका संध्याकाळी प्लग लावला, बटण दाबलं आणि अख्खं घर अंधारात गेलं. विजेची गळती जाणवताच वीज तोडणारा ईएलसीबी पडला होता. वर केला, पुन्हा पडला. अंधारातून प्रश्न आला, "झाली का कॉफी?"

कारण साधं होतं, सापडायला दोन दिवस गेले. हीटरच्या नळीत तारेभोवती पांढरी भुकटी ठासलेली असते, ते मॅग्नेशियम ऑक्साइड. नळीच्या तोंडाचं सील जुनं झालं की ही भुकटी हवेतला दमटपणा शोषते आणि वीज नळीच्या कवचाकडे, तिथून अर्थिंगकडे झिरपू लागते. तापलेल्या हीटरमधला ओलावा उडून गेलेला असतो, म्हणून गरम यंत्र शहाण्यासारखं वागतं. त्या वाड्यात ईएलसीबी नव्हताच. मालकांनाही हे कधी कळलं नसणार, तेव्हा त्यांनी फसवलं असं म्हणता येत नाही. हीटर बदलावा लागला आणि स्वस्तात मिळालेलं यंत्र नव्याच्या भावाजवळ जाऊन बसलं.

तेव्हापासून लेखक गार यंत्र स्वतः चालू करतो आणि स्टूल ओढून बसतो. पंधरा-वीस मिनिटं गप्पा मारायच्या, कान मात्र यंत्राकडे. थर्मोस्टॅट टक् करून वीज तोडतो का, थोड्या वेळाने पुन्हा जोडतो का. दाब चढताना कुठल्या सांध्यातून वाफेची बारीक शीळ येते का. पुष्कळ गळत्या चढत्या दाबातच दिसतात. धातू पुरता तापून प्रसरण पावला की त्या आपोआप मिटतात, आणि उद्या सकाळी परत उघडतात. मग वाफेची नळी उघडून बंद करायची आणि टोकाला थेंब जमतो का ते पाहायचं. पोर्टाफिल्टर लावून त्याचा दांडा कुठे थांबतो तेही. साधारण समोर थांबला तर ठीक. फार उजवीकडे सरकला तर आतली रबरी रिंग झिजली किंवा कडक झाली आहे, अगदी कुकरच्या रिंगसारखी. ही रिंग स्वस्तातली वस्तू, पण तिच्या नावावर किंमत हजारभराने उतरवता येते. ज्या यंत्रात तीन तोंडांचा सोलेनॉइड व्हॉल्व असतो, त्यात शॉट थांबवल्याबरोबर उरलेला दाब फुस्स करून खालच्या ट्रेमध्ये सुटला पाहिजे. फुस्स आलं नाही तर व्हॉल्वमध्ये कचरा अडकला आहे. ते न कळता कोणी पोर्टाफिल्टर ओढला, तर ओली गरम कॉफी थेट शर्टावर.

एस्प्रेसो म्हटलं की मराठी माणसाला अजूनही लग्नाचं कार्यालय आठवतं. स्टीलचा चकचकीत बंब, त्याला दाबाचं घड्याळ, शिट्टीसारखा आवाज करत कपात फेसाळणारं दूध, इन्स्टंट कॉफी, भरपूर साखर, वरून चॉकलेटची भुकटी. त्याला एस्प्रेसो म्हणावं का यावर जाणकार नाकं मुरडतात. लेखक मुरडत नाही. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी पेटंट घेतलेलं यंत्रसुद्धा बंबातल्या वाफेच्याच जोरावर चाले. त्या कॉफीवर आजचा क्रेमा नव्हता. मिलानच्याच अकिले गाज्जा यांनी १९३८ मध्ये वाफेविना कॉफी काढण्याचं पेटंट घेतलं, आणि महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, स्प्रिंग आणि दट्ट्याचं लीव्हर यंत्र आणलं. गरम पाणी वाफेऐवजी दट्ट्याने दाबलं गेलं आणि कपावर क्रेमा उभा राहिला. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ ने दट्ट्याच्या जागी विजेचा पंप बसवला. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला इटलीतून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणावरून हे नाव पडलं.

हा इतिहास जुनं यंत्र घेणाऱ्याच्या खिशाशी जोडलेला आहे. ई-६१ चा पोर्टाफिल्टर ५८ मिलिमीटरचा, १९९१ च्या गाज्जा क्लासिकचा तेवढाच, १९९७ मध्ये आलेल्या रान्चिलिओ सिल्व्हियाचाही तेवढाच. त्यामुळे तीस वर्षांच्या यंत्राला आज बाजारात आलेली बास्केट, म्हणजे पोर्टाफिल्टरमधली कॉफीची वाटी, बसते आणि कॉफी दाबायचा दुसऱ्याच कंपनीचा टॅम्परही चालतो. ला पाव्होनीच्या घरगुती लीव्हर यंत्राच्या, युरोपिकोलाच्या, प्रेमात पडणाऱ्यांनी एवढंच विचारावं, की ते २००० च्या आधीचं की नंतरचं. जुन्याची बास्केट साधारण ४९ मिलिमीटरची, नव्याची ५१. हेच यंत्र १९७३ च्या 'लिव्ह अँड लेट डाय' चित्रपटात जेम्स बॉण्डच्या स्वयंपाकघरात दिसतं, त्यामुळे काही विक्रेते किमतीत बॉण्डचाही हिस्सा धरतात.

टाकीतलं पाणी ओतू नका म्हणायचं कारण वेगळं. वापरलेलं यंत्र घेताना घेणारा आधीच्या घराचं पाणी विकत घेत असतो. खडकवासल्याचं पाणी मऊ आहे. त्यावर दहा वर्षं चाललेलं यंत्र आतून बरं निघतं. तेच यंत्र बोअरवेलच्या नाहीतर टँकरच्या भरवशावरच्या सोसायटीत दोन वर्षं राहिलं असेल, तर गीझरच्या कॉइलवर चढतो तसा क्षारांचा थर त्याच्या बॉयलरमध्ये असतो. टाकीच्या भिंतीवरची पांढरी रेघ हे सगळं सांगून टाकते. म्हणून लेखक यंत्राच्या वयाआधी विक्रेत्याचा पत्ता आणि नळाला येणारं पाणी विचारतो. "आम्ही आरओचंच वापरतो" असं अभिमानाने सांगणारे बरेच भेटतात. त्याने थर जमत नाही हे खरं, पण क्षार जवळजवळ नसलेलं पाणी धातूला हळूहळू खातं. शिवाय ज्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी विजेच्या सळईने मोजली जाते, तिथे असं पाणी पुरेशी वीजच वाहून नेत नाही. सळईला बॉयलर रिकामा वाटतो आणि पंप भरत सुटतो.

गाज्जा क्लासिकच्या पोटात डोकावायला दोन मिनिटं पुरतात, आणि विक्रेता हो म्हणाला तर लेखक ती संधी सोडत नाही. ग्रुपखाली, म्हणजे पोर्टाफिल्टर अडकतो त्या तोंडाखाली, मान वाकवून मधला एक स्क्रू काढला की जाळी हातात येते. तिच्या वरची जाड तबकडी दोन ॲलन स्क्रूंवर असते. ती निघाली की यंत्राचं सगळं चरित्र समोर. काळपट तेलकट लेप असेल तर मालकाने कधी बॅकफ्लश, म्हणजे पाणी उलटं फिरवून आतली सफाई, केलं नाही. ही आळसाची खूण, धुता येते. पोर्टाफिल्टर घासू नका म्हणायचं ते याच खुणेसाठी. डिटर्जंटच्या पाण्यात तबकडी थोडा वेळ ठेवली की पाणी चहासारखं होतं. पांढरे खवले असतील तर ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक ॲसिड उपयोगी पडतं, मात्र ॲल्युमिनियमच्या बॉयलरमध्ये ते फार वेळ ठेवायचं नाही. आणि ॲल्युमिनियमच खड्डे पडून भुसभुशीत झालं असेल तर चिवडा खाऊन, आभार मानून निघायचं.

अमेरिकेहून येताना भाच्याने, मेहुण्याने आणलेल्या यंत्रांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. कोथरूडच्या माळ्यांवर अशी यंत्रं खोक्यातच बसून असतात. मागची पाटी वाचावी: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ते आपल्या २३० च्या प्लगमध्ये घातलं तर हीटर जवळजवळ पावणेचारपट वीज ओढायला जातो आणि काही क्षणांत संपतो. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण चौदाशे वॉटला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर पाट्यासारखा जड असतो आणि ओट्यावर यंत्राएवढीच जागा खातो. शिवाय त्याने व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ तेच राहतात. घरगुती यंत्रांतला व्हायब्रेशन पंप विजेच्या ठेक्यावरच धडकतो. साठच्या ठेक्याची सवय असलेला पन्नासवर मंदावतो. अशा यंत्राची किंमत लेखक भेटवस्तूइतकीच धरतो. कोणी दिलं तर घ्यावं.

इथवर यंत्राबद्दल इतकं बोलून झालं, पण लेखकाचे जास्त पैसे दळणाच्या यंत्रावर जातात, आणि नव्याने या नादाला लागणाऱ्यांशी त्याचं भांडण होतं तेही इथेच. पंचाहत्तर हजारांतले सत्तर यंत्राला आणि पाच ग्राइंडरला, असा हिशोब करून लोक येतात. नऊ बारच्या दाबाला रोखून धरायचं काम यंत्र करत नाही, कॉफीचा थर करतो. १८ ग्रॅम कॉफीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम द्रव यावा, असं आजचं एक प्रचलित माप आहे. दळण केसभर जाड झालं तर तेच पाणी बारा सेकंदांत धावून जातं. चटणीच्या मिक्सरमध्ये फिरवलेल्या कॉफीत भरड आणि धूळ शेजारी शेजारी असतात. पाणी भरडीतून वाट काढतं आणि धूळ कडू होते. स्वस्त यंत्रांसोबत येणारी दुहेरी तळाची बास्केट हा दोष झाकते. तिला एकच बारीक भोक असतं, दाब तिथे तयार होतो आणि फेस कशाचाही येतो. विक्रेत्याने तीच बास्केट लावून शॉट दाखवला तर त्यातून यंत्राबद्दल काहीच कळत नाही.

लेखकाच्या ओट्यावर आज एक माझ्झर सुपर जॉली आहे. व्हेनिसजवळ बनणारा, ६४ मिलिमीटरच्या सपाट चकत्यांचा, उचलताना कंबर आठवावी असा. तो एका बंद पडलेल्या कॅफेतून आला. कॅफे बंद पडतात तेव्हा दोन ग्रुपची मोठी यंत्रंही स्वस्तात निघतात आणि नवशिक्यांचे डोळे लकाकतात. ती घरी न्यायची नसतात. त्यांना लागणारा विजेचा भार घरच्या मीटरला सहसा झेपत नाही. ग्राइंडर मात्र खुशाल न्यावा, फक्त पाटीवर सिंगल फेज आहे ना ते पाहून, कारण तीन फेजचेही असतात.

हा माझ्झर बटण दाबल्यावर नुसता गुणगुणायचा, फिरायचा नाही. मालकाने तो मोटार जळाली म्हणून जवळजवळ भंगारात काढला होता. उन्हाळ्यात पंखा असाच अडतो, तेव्हा घराघरांत काय करतात? कंडेन्सर बदलतात. पाटीवर लिहिलेल्या मापाचाच बसवला, मोटार धावली. मग चकत्या. वरची कॉलर फिरवून काढली तेव्हा खवट तेलाचा भपकारा आला, शेंगदाण्याच्या जुन्या डब्यासारखा. तीन स्क्रू सोडवून खालची चकती हातात घेतली आणि अंगठ्याचं नख तिच्या धारेवरून ओढलं. धारदार चकती नखाचा बारीक कीस काढते. हिने काढला नाही, नख गुळगुळीत घसरलं. पूर्वी जात्याला टाकी लावणारे दारावर येत. पोलादाच्या चकत्यांना टाकी लागत नाही, जोडीच नवी घ्यावी लागते. तो खर्च लेखकाने कॅफेवाल्याच्या टेबलावरच वजा करून घेतला होता.

नवी जोडी बसली तरी दळण एकसारखं येईना. एका कडेने पाणी आधी फुटायचं. चकतीच्या बाहेरच्या सपाट कडेला व्हाइटबोर्डच्या मार्करने रंग लावला, कॉलर हाताने चकत्या टेकेपर्यंत फिरवली आणि उघडून पाहिलं. रंग एकाच बाजूचा पुसला होता, म्हणजे चकती तिरकी बसली होती. खाली, बैठकीवर, वाळलेल्या कॉफीचा तिळाएवढा खडा चिकटला होता. तो निघाला. पुन्हा मार्कर, पुन्हा कॉलर. या वेळी रंग गोल पुसला गेला. त्या तिळापायी जुन्या मालकाच्या कॅफेत किती शॉट वाया गेले असतील, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.

मागच्या महिन्यात लेखकाने स्वतःचं एक यंत्र विकायला काढलं. बघायला पिंपळे सौदागरहून एक मुलगी आली. यजमानधर्म म्हणून त्याने तासभर आधी यंत्र तापवून ठेवलं होतं, कप वरती गरम करत मांडले होते. तिने चप्पल काढली, नमस्कार केला, सरळ ओट्यापाशी गेली आणि यंत्राच्या पाठीवर तळहात ठेवला.

"काका, हे बंद करून ठेवता का? मला डेक्कनला थोडं काम आहे. दोन तासांनी येते."