पडवीतील शिकवणी

भिवापूरच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झाल्यावर मी शिकवणीकडे वळलो, तो विद्यादानाच्या उदात्त हेतूने नव्हे, तर दप्तराविना दिवस सरेना म्हणून. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शिक्षकांस खासगी शिकवणीची मनाई केलेली असल्यामुळे गणित व इंग्रजी या दोन विषयांची धास्ती घेतलेल्या मुलांचा भार माझ्यासारख्या निवृत्त इसमांवर, किंवा नोकरीची वाट पाहणाऱ्या पदवीधरांवर येऊन पडतो. मनाईचा अंमल सर्वत्र कसा होतो याविषयी, जन्मभर सरकारी मीठ खाल्लेल्या माणसाने न बोललेलेच बरे.

माझ्या पडवीत येणाऱ्यांपैकी नववीतील एक मुलगी सुट्टीच्या दिवशी आईसोबत मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडावयास जात असे. किती किलो मिरची झाली, किलोमागे दर काय, त्यातून घेतलेली उचल वजा जाता हाती किती पडावयाचे, हा हिशेब ती तोंडी आणि बिनचूक करी. परंतु तिची तुकडी सेमी-इंग्रजीची, म्हणजे इतर विषय मराठीतून आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून, आणि तेथे तिला वजाबाकीत गुण मिळेनात. विचारले तेव्हा म्हणाली, "काकाजी, हिसाब येते मले, पण इंग्रजीतला सवाल वाचला का डोक्शात घोळ होते."

घोळाचे मूळ तिच्या वहीतच सापडले. 'सबट्रॅक्ट सेव्हन फ्रॉम फिफ्टीन' या वाक्यात सात आधी येतात, म्हणून ती साताखाली पंधरा मांडून मोकळी होई. मराठीत पंधरातून सात वजा करावयाचे असता पंधरा आपसूक आधी उच्चारले जातात. शाळेत यास गणिताची चूक समजून वजाबाकीचा आणखी सराव दिला गेला होता. मी उदाहरणे सोडविणे बंद ठेवले आणि प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून, काय दिले व काय काढावयाचे ते आपल्या बोलीत सांगितल्यावाचून पेन्सिल उचलू नये, असा शिरस्ता घातला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांचे इंग्रजी पोसले, त्यांना या रीतीत नावीन्य वाटणार नाही.

सर्वांचेच दुखणे इंग्रजीचे होते असे मात्र नाही. दहावीतील एक मुलगा इंग्रजी बरे वाची. त्याचे वर्गसमीकरण अडे ते अपूर्णांकांपाशी, कारण अंशात अंश व छेदात छेद मिळविण्याची खोड त्याने पाचवीपासून जपली होती. भरलेल्या वर्गात शिक्षकाने एकासाठी पाचवीत परत जावे ही अपेक्षा गैरवाजवी. पडवीत ते साधते, आणि माझ्या मते शिकवणीचा खरा उपयोग एवढाच आहे. उद्याचा धडा आज उरकून देणाऱ्या शिकवण्यांची फी मला नाहक वाटते.

वेग-अंतराच्या उदाहरणांत तेवढा हशा पिकत असे, कारण या पोरांनी पाहिलेली आगगाडी म्हणजे 2019 साली बंद झालेली नागपूर-नागभीडची छोटी गाडी, आणि पुस्तकातील गाडीचा वेग त्यांना थापच वाटे.

मिरचीचा हंगाम परीक्षेच्या दिवसांपर्यंत लांबतो आणि पडवीतील हजेरी निम्म्यावर येते. मजुरी बुडवून शिकवणीस या, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. त्या महिन्यांत मी वर्ग रात्रीच्या जेवणानंतर भरवितो.