उजेड, मग अंधार, मग उजेड

लातूर आणि नांदेड ही आता नीटच्या क्लासेसची गावं झाली आहेत. त्यामुळे प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पान पाणी फोडतं, त्यातून ऑक्सिजन सुटतो, आणि या कामाला कोणता धातू लागतो? मँगेनीज. तेवढा गोल काळा केला की विषय संपला!

माझे विषय मराठी आणि इतिहास. बी.ए. सुद्धा मराठी माध्यमातून. पण नातीच्या पुस्तकातल्या या एक-दोन ओळी वाचल्या आणि एक शंका मनात घर करून बसली... पाणी फोडणारं हे यंत्र पानात बसवतं तरी कोण? भाचा वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्याला विचारलं. त्याने दिलेलं वाचलं, अडलं तिथे पुन्हा विचारलं. जे कळलं ते सांगतो.

यंत्र अगदीच चिमुकलं. मँगेनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक आणि त्यांना जोडणारे ऑक्सिजनचे पाच. जपानमधल्या शेन आणि कामिया यांच्या गटाला २०११ साली त्याचं स्पष्ट चित्र मिळालं, तेव्हा ते एखाद्या वेड्यावाकड्या खुर्चीसारखं दिसलं. या खुर्चीला उजेडाचे चार धक्के बसले की पाण्याचे दोन रेणू फुटतात आणि ऑक्सिजनचा एक रेणू बाहेर पडतो.

मँगेनीज काही दुर्मीळ नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला त्याची मोठी खाण आहे. पोलादाला लागतं, टॉर्चच्या सेलला लागतं. झाडाला मात्र अगदी किंचित पुरतं, आणि तेवढं मुळं मातीतून उचलतात. पण माल पोचला म्हणजे यंत्र उभं राहिलं असं होत नाही. खरी गंमत जुळणीत आहे.

पानातल्या एका प्रथिनात ठरलेल्या जागी मँगेनीजचा पहिला अणू येऊन बसतो. उजेड पडला की त्याच्यातला एक इलेक्ट्रॉन काढून घेतला जातो. आता लगेच पुन्हा उजेड पडला तर? काही उपयोग नाही. मध्ये थोडा वेळ जावाच लागतो, आणि त्या वेळात जे काम होतं त्याला उजेड लागतच नाही. आतल्या आत काहीतरी सरकतं, जागा घेतं, कॅल्शियमचाही त्यात हात असतो. ते झालं की मगच पुढचा उजेड कारणी लागतो. बाकीचे अणू त्यानंतर मानाने लवकर बसतात.

अमेरिकेतल्या रॅडमर आणि चेनिए यांनी १९७१ साली शेवाळाच्या पेशींवर प्रकाशाचे क्षणभराचे झोत टाकून हा क्रम मांडला. झोत फार घाईने टाकले तर जुळणी होत नाही. फार उशीर केला तर अर्धवट जुळलेलं सुटून जातं. एखाद्या सेकंदाच्या आसपासचं अंतर मानवतं. त्या मधल्या अंधारात नेमकं काय घडतं, याचा शोध ५० वर्षं उलटली तरी चालूच आहे.

आणखी एक गोष्ट. यंत्र बसण्याआधीच कडक उजेड पडत राहिला तर ते प्रथिनच बिघडतं. आणि बसलेलं यंत्रही कायमचं नसतं. भर उन्हात ते प्रथिन मोडतं, पान ते काढून नवं घालतं आणि जुळणी पहिल्यापासून सुरू होते. आपल्या दारातल्या कडुनिंबाच्या पानांत हे रोज चाललेलं असतं.

हे सगळं मी का लिहितोय ते घरच्या मंडळींच्या लक्षात आलं असेल. आमची नात यंदा दुसऱ्यांदा नीट देणार म्हणून लातूरला राहते. पहाटे पाचला उठणं, दिवसभर क्लास आणि टेस्ट, रात्री एकपर्यंत अभ्यासिका. तिची आई दर रविवारी नांदेडहून डबा आणि कॉफीची पुडी घेऊन जाते. ‘पोरगी चारच तास झोपते’ हे आमचे चिरंजीव चारचौघांत कौतुकाने सांगतात. मागच्या वेळी ती मला हळूच म्हणाली, “आबा, रात्री वाचलेलं सकाळी आठवतच नाही हो.”

पानाचा नियम माणसाला जसाच्या तसा लावू नये, एवढं मला कळतं. पण शिकलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत, असं मेंदूचे अभ्यासकही सांगतात. आणि वर्गात मी ते डोळ्यांनी पाहिलंय. समास शिकवून लगेच विचारले की निम्मा वर्ग गोंधळायचा. दुसऱ्या दिवशी तीच पोरं धडाधड सांगायची. मधल्या रात्री मी काहीच शिकवलेलं नसायचं!

तेव्हा चिरंजीव आणि सूनबाई, तुम्ही हा ब्लॉग वाचता हे मला माहीत आहे. फोनवर बोललो असतो तर ‘आबा, तुमचा काळ वेगळा होता’ म्हणाला असता, म्हणून इथे लिहिलं. या रविवारी कॉफीची पुडी नेऊ नका. रात्री दहाला दिवा घालवायचा, हे तिला तुम्हीच सांगा. माझं ती ऐकेल, पण तुम्ही सांगितलंत तर तिला भीती राहणार नाही. नंबर लागला तर पेढे वाटू. नाही लागला तरी पोर आपलीच आहे.

असो. ज्यांच्या घरात अशी मुलं आहेत, त्यांनी आपले अनुभव जरूर कळवावेत.