लाल फळाची साक्ष

संक्रांतीला खामगावला घरी गेलो, तर अंगणातल्या झाडावरून वाद पेटलेला. झाड आजोबांनी लावलेलं. दर मार्चमध्ये गल्लीत घाण वास सुटतो. शेजारी म्हणतात झाडाचा, आई म्हणते गटाराचा. कंटाळून बाबांनी झाड तोडायचं ठरवलेलं.

आम्ही त्याला सप्तपर्णी समजायचो. पानं तशीच, पंजासारखी, सात-आठ पात्यांची. पण सप्तपर्णीला तर चवळीसारख्या लांब, बारीक शेंगा येतात. इथे वर लटकत होती मुठीएवढी, लालभडक, लाकडासारखी टणक फळं! एक खाली पडलेलं सापडलं. होडीसारखं उकललेलं, आत कडेने काळ्या बियांची ओळ. बस्स, त्यावरून अर्ध्या तासात नाव मिळालं: जंगली बदाम. शास्त्रीय नाव स्टर्क्युलिया फीटिडा, लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं. स्टर्क्युलियस हा रोमन लोकांचा खताचा देव आणि फीटिडा म्हणजे दुर्गंधी!

झालं! झाडाला वाचवायला निघालो आणि त्याचाच गुन्हा सिद्ध करून बसलो.

आई गप्प. मग मीच म्हटलं, "बाबा, वास फुलांचा आहे. माश्यांना बोलावण्यासाठी असतो तो. फुलं गळली की संपला. तेवढे दिवस खिडक्या लावून घ्या. मे महिन्यात सावली कोण देणार आपल्याला?"

बाबांनी फळ हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. म्हणाले, "बघू या मार्चला."

असो. मार्चमध्ये मी पुण्यात असेन, हे मात्र सोयीचं आहे :)