फारियाच्या पुतळ्यापाशी

पेडण्याहून भाच्याबरोबर पणजीस निघालो, ते त्याच्या साखळी-योजनेच्या मेळाव्यासाठी. पुढच्याच्या पैशांतून मागच्याचा नफा, एवढेच तिचे गणित. पण त्यापायी माझ्या बहिणीच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या. मेळाव्याच्या दारावरून मी त्याला जुन्या सचिवालयाकडे वळवले. शेजारीच आबे फारियाचा पुतळा आहे. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला, १९४५चा. मोहनिद्रा मोहिनी घालणाऱ्याच्या सामर्थ्याने नव्हे, जो मोहित होतो त्याच्याच मनातून उपजते, हे या कांदोळीच्या माणसाने जगाला सांगितले. भाचा कोसळत्या स्त्रीमूर्तीकडे बराच वेळ पाहत राहिला. मग फेरीबोटीने बेतीस गेलो. (पायी उतारूस भाडे नाही; फुकटचा लाभ हा एवढाच खरा!) भर मांडवीत तो हळूच म्हणाला, "मामा, वाड्यावरच्या चौघांकडूनही पैसे घेतलेत मी."

परतीच्या बसमध्ये ती चार नावे आम्ही तिकिटामागे उतरवली.